गूस, गान्स आणि हंस

काही वर्षांपूर्वी मी पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. एका विद्यार्थ्याने मुंगुसांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांत ‘मंगूस’ या शब्दाचे अनेकवचन ‘मंगीज’ असे केले होते. आता यात त्या बिचाऱ्याचे काय चुकले? एक ‘गूस’, अनेक ‘गीज’, हे आम्हीच त्याला शिकविलेले. तेव्हा एक ‘मंगूस’, अनेक ‘मंगीज’. तर्कशास्त्राच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले की, बाबांनो, इंग्रजी ‘मंगूस’ हा इंग्रजांचा शब्दच नव्हे. तो आपला मराठी ‘मुंगूस’. सतराव्या शतकात इंग्रज आपल्या किनाऱ्यावर वावरू लागले, तेव्हा हा प्राणी आणि त्याचे नाव त्यांनी येथून उचलले. लिहिताना मात्र ओळखीचा ‘गूस’ शब्द त्याच्या शेपटीला चिकटविला. मुंगसाचा आणि गूस पक्ष्याचा काडीचा संबंध नाही, म्हणून अनेकवचन साधे, ‘मंगूसेस’.

वर्ग हसला. मग मला वाटले, आणखी एक गंमत सांगावी. म्हटले, ‘मंगूस’ मराठी असला तरी उसना आहे. पण खुद्द ‘गूस’ हा शब्द मात्र आपल्या घरचा, अगदी रक्ताच्या नात्याचा आहे. गूस म्हणजेच आपला हंस.

या वेळी वर्ग दुप्पट हसला. हसली नाही ती एकच मुलगी. संस्कृत घेतलेली, अभ्यासू. ती उभी राहून म्हणाली, “सर, म्हणजे सरस्वतीचे वाहन गूस? परमहंस म्हणजे मोठा गूस?” तिच्या आवाजात थट्टा नव्हती, थोडे दुखावलेपण होते. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. त्याचे जे उत्तर मला पुढे जमवता आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम नात्याची खात्री करून घेऊ. इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या भाषांचे एक कुळ मानतात. त्याला जर्मानिक कूळ म्हणतात. या साऱ्या भाषांत या पक्ष्याचे नाव एकच आहे, उच्चार तेवढे ज्याच्या त्याच्या जिभेप्रमाणे. जर्मन माणूस म्हणतो ‘गान्स’. डच लिहितो तसेच, पण त्याच्या तोंडी ‘ग’चा घशातला ‘ख’ होतो, म्हणून ‘खान्स’. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे येथे ‘गोस’. स्वीडनमध्ये एक असला तर ‘गोस’ आणि अनेक झाले की ‘येस’! ऐकणाऱ्याला वाटावे की हा माणूस उगाच होकार देतो आहे.

आता ‘गान्स’ आणि ‘हंस’ शेजारी ठेवा. फरक एका अक्षराचा, ‘ग’ आणि ‘ह’चा. आणि हा फरक मनमानी नाही. संस्कृतात जेथे काही विशिष्ट शब्दांत ‘ह’ आहे, तेथे जर्मानिक भाषांत ‘ग’ सापडतो. आपले ‘वाहन’ घ्या. त्याचाच भाऊ जर्मन ‘वागेन’, आणि रेल्वेच्या मालगाडीमुळे आपल्या परिचयाचा झालेला ‘वॅगन’. संस्कृत ‘ह्यः’ म्हणजे काल. जर्मन माणूस कालला ‘गेस्टर्न’ म्हणतो. ‘हिरण्य’ आणि ‘गोल्ड’ यांचेही असेच. दोन्हीकडचे वर्ण मूळच्या एकाच वर्णापासून निघाले, एकाने ही वाट धरली, दुसऱ्याने ती. लॅटिनमध्ये हा ‘ह’ तोंडातून पार गळाला आणि ‘आन्सेर’ उरला. ग्रीकांनी ‘खेन’ केला. लिथुआनियात तो ‘झांसिस’सारखा ऐकू येतो. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याची घोषणा केली आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ साली जर्मानिक वर्णांचे नियम मांडले, तेव्हापासून या नात्याविषयी कोणी शंका घेतलेली नाही.

पण मग इंग्रजांच्या ‘गूस’मधला अनुस्वार कोठे गेला? येथे आपण मराठी माणसांनी जरा ऐटीत बसायला हरकत नाही. कारण जे इंग्रजीने केले, तेच आपण केले आहे. संस्कृत ‘दंत’, आपण अनुस्वार गाळला, त्याच्या बदल्यात आधीचा स्वर लांबविला आणि ‘दात’ केला. ‘पंच’चे ‘पाच’ केले. इंग्रजीने हुबेहूब हीच युक्ती केली. डच माणूस दाताला ‘टांड’ म्हणतो, त्याच्याकडे अनुनासिक शाबूत आहे. इंग्रजीत झाले ‘टूथ’. जर्मन पाचला ‘फ्युन्फ’ म्हणतो, इंग्रज ‘फाइव्ह’. आणि ‘गान्स’चे झाले ‘गूस’. आमच्या लहानपणी वडीलमंडळी ‘दांत’ असा डोक्यावर टिंब देऊन लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी तेही टिंब गेले. पण ‘हंस’ शब्द आपण थेट संस्कृतातून जसाच्या तसा घेतला, म्हणून त्याचा अनुस्वार वाचला. नाहीतर आज आपणही ‘हास’ म्हणत असतो.

अनेकवचनातल्या ‘गीज’चे गूढही फारसे खोल नाही. फार पूर्वी अनेकवचनी प्रत्ययात ‘इ’ होता. बोलताना जीभ त्या ‘इ’च्या तयारीने आधीच पुढे सरके आणि अलीकडच्या स्वरालाही आपल्याकडे ओढी. पुढे प्रत्यय झिजून गेला, ओढलेला स्वर तसाच राहिला. ‘टूथ–टीथ’, ‘फूट–फीट’ यांची कहाणी हीच. मात्र इंग्रज शिंप्याच्या जड इस्त्रीलाही ‘गूस’ म्हणतात, तिची मूठ गूसच्या मानेसारखी वळलेली असते म्हणून, आणि त्या इस्त्रीचे अनेकवचन बहुधा ‘गूसेस’ असे करतात. तेव्हा शिंप्याच्या दुकानात माझ्या विद्यार्थ्याची चूक उलट्या बाजूने झाली असती.

या शब्दाचा सर्वांत जुना जर्मानिक पुरावा कोणा जर्मनाने लिहिलेला नाही. तो एका रोमन माणसाचा आहे. थोरला प्लिनी तरुणपणी ऱ्हाइनकाठी सैन्यात अधिकारी होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात तो मेला, ही गोष्ट आपण इतिहासात वाचलेली असेल. त्याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात लिहून ठेवले आहे की, जर्मनांच्या देशातले गूस पांढरे पण लहान असतात आणि तिकडे त्यांना ‘गांटा’ म्हणतात. त्यांच्या मऊ पिसांना पौंडाला पाच दिनार भाव येई. भाव असा चढा, म्हणून सरहद्दीवरच्या पलटणींचे अधिकारी पहारा सोडून सबंध तुकड्याच्या तुकड्या हे पक्षी मारायला धाडीत आणि मग वरून चौकशी लागे. साम्राज्याची सरहद्द उघडी टाकून शिपाई उशांची पिसे गोळा करीत फिरताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा! दोन हजार वर्षांत सरकारी नोकरी फारशी बदललेली नाही.

गॉथ लोकांची जर्मानिक भाषा केव्हाच मेली. तिच्या उरलेल्या लिखाणात हा शब्द एकदाही येत नाही. पण गॉथ स्पेनपर्यंत पोचले होते, आणि स्पॅनिश भाषेत आजही या पक्ष्याला ‘गान्सो’ म्हणतात. भाषा गेली, राज्य गेले, अंगणातला पक्षी तेवढा मागे राहिला.

आता या शब्दाने त्या त्या भाषेत काय संसार थाटला ते पाहू. तो फार मोठा आहे. मी चारच वस्तू दाखवतो. आपण ज्याला अंगावर काटा येणे म्हणतो, त्याला जर्मन माणूस ‘गूसची कातडी’ म्हणतो. पिसे उपटलेल्या पक्ष्याच्या अंगावर अशीच बारीक टोके दिसतात. इंग्रज, डेन, स्वीडिश, आइसलंडचा माणूस, सगळे तेच म्हणतात. डच तेवढा त्या जागी कोंबडी घालतो. छापखान्यातली आपली अवतरणचिन्हे जर्मनांच्या दृष्टीने ‘गूसची इवली पावले’ आहेत, डॅनिश लोकांना तेथे ‘गूसचे डोळे’ दिसतात. आइसलंडच्या मध्ययुगीन कायद्यांच्या संग्रहाला तर ‘करडी गूस’ असेच नाव पडले आहे. युरोपात शतकानुशतके लिहिले ते याच पक्ष्याच्या पिसाने. जर्मनमध्ये पीस आणि लेखणी यांना ‘फेडर’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीत ‘फेदर’. आणि हा ‘फेदर’ म्हणजे संस्कृत ‘पत्र’चा भाऊ. पत्र म्हणजे मुळात पंख, मग पान, मग आपण टपालात टाकतो ते. गूसच्या पत्राने पत्र लिहिणे ही अशी दुहेरी पुनरुक्ती आहे.

आणि म्हणी! आपण म्हणतो ‘पालथ्या घड्यावर पाणी’. स्वीडन-डेन्मार्कमध्ये म्हणतात ‘गूसवर पाणी ओतणे’. पिसे तेलकट, थेंब टिकत नाही. स्वीडिश माणसाचे कोणाशी जुने भांडण मिटायचे असले तर तो म्हणतो, “माझी त्याच्याबरोबर एक न सोललेली गूस आहे.” पिसे उपटण्याचे काम किती किचकट, हे ज्यांना रोजच्या स्वयंपाकातून ठाऊक, त्यांचीच ही भाषा.

येथेच आपल्या प्रश्नाचे मूळ हाती लागते. जर्मानिक माणसाचा गूस हा अंगणातला पक्षी आहे. युरोपातला पाळीव गूस करड्या रानगूसपासून माणसाळवलेला. तो चिखलातून रांगेने चालतो, मान पुढे काढून फिस्कारतो, अकरा नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला ताटात येतो. जो पक्षी रोज पायांत घोटाळतो आणि शेवटी कापला जातो, त्याच्याविषयी आदर कोठून राहणार? इंग्रजीत ‘गूस’ म्हणजे खुळा. जर्मनमध्ये ‘डुम्मे गान्स’, मूर्ख गूस, ही शिवी खास बायकांसाठी राखून ठेवलेली. आणि गूस राखायचे काम बहुधा गरीब मुलींकडे असे. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहात १८१५ साली आलेली ‘गूस राखणारी मुलगी’ ही गोष्ट पाहा. राजकन्येचे सर्वस्व तिच्या दासीने हिरावून घेतले, आता तिची अवस्था किती हीन झाली हे सांगायचे आहे. कथा काय करते? तिच्याकडे गूस राखायला देते. एवढ्यावर ऐकणारी पोरे समजतात.

या ग्रिम बंधूंनी ज्या ग्योटिंगेन शहरात अध्यापन केले, तेथे नगरभवनासमोर १९०१ साली एक कारंजे बसविले. त्यावर गूस राखणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, ‘गेन्सेलीझेल’ म्हणून. पीएच. डी. मिळाली की नव्या डॉक्टराने कारंज्यावर चढून या मुलीच्या गालाचे चुंबन घ्यायचे, असा तेथे रिवाज पडला. गर्दी-गोंधळ वाढला म्हणून १९२६ साली पोलिसांनी बंदी घातली. ती कोणी मानली नाही. या ग्योटिंगेनचे आपल्याशी जवळचे नाते आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले फ्रान्झ कीलहॉर्न पुढे तेथे गेले आणि १९०८ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. आणि आपल्या रामकृष्णपंत भांडारकरांना १८८५ साली याच विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टर केले. सुदैवाने तेव्हा पुतळा उभा राहिलेला नव्हता, नाहीतर मोठाच धर्मसंकटाचा प्रसंग!

असो. आता दुसरा पक्षी. इंग्रजीत त्याला ‘स्वान’ म्हणतात. श्रोतेहो, रेडिओवर ऐकताना कृपा करून ‘श्वान’ समजू नका. उंच डौलदार मानेचा, मोठा, शुभ्र. इंग्लंडमध्ये उघड्या पाण्यावरचे, मालकीची खूण नसलेले स्वान राजघराण्याचे मानले जातात. म्हणजे गूस शेतकऱ्याचा आणि स्वान राजाचा. ही चढउतार जर्मानिक मनात किती पक्की होती, त्याची एक गोष्ट सांगतो. चेक धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ साली कोन्स्टान्झ येथे जिवंत जाळण्यात आले. चेक भाषेत ‘हुसा’ म्हणजे गूस. हंसाचे हेही एक भावंड. पुढे शंभर वर्षांनी मार्टिन लूथर उभे राहिले, तेव्हा एक भविष्यवाणी हुस यांच्या नावावर सांगितली जाऊ लागली: आज तुम्ही गूस भाजाल, पण शंभर वर्षांनी एक स्वान गाईल, त्याला तुम्हाला ऐकून घ्यावेच लागेल. लूथर यांनी स्वतःच १५३१ साली तिचा उल्लेख केला आहे. उत्तर जर्मनीतल्या कित्येक लूथरपंथी चर्चांच्या शिखरावर म्हणूनच कोंबड्याऐवजी स्वानाचा वातकुक्कुट दिसतो. हुतात्मा झालेला गूस, विजयी झालेला स्वान!

मौज अशी की, स्वान शब्दालाही संस्कृतात आप्त आहे, पण तो ‘हंस’ नव्हे. तो आहे ‘स्वन’, म्हणजे आवाज. स्वान म्हणजे नाद करणारा. युरोपात सर्वत्र दिसणारा स्वान नेमका मुका म्हणून प्रसिद्ध आहे, ही गोष्ट वेगळी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. संस्कृत ग्रंथ इंग्रजीत जाऊ लागले, तेव्हा भाषांतरकारांची अडचण झाली. ‘हंस’ला सरळ ‘गूस’ लिहावे, तर इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढे येणार अंगणातला खुळा पक्षी. दमयंतीकडे नळाचा निरोप घेऊन कोण गेला? गूस! कवितेचा चुराडा. म्हणून पुष्कळांनी मुकाट्याने ‘स्वान’ लिहिले. पुढे तेच इंग्रजी वाचून आपण शिकलो, आणि हंस म्हणजे उंच मानेचा स्वान हे चित्र आपल्या कॅलेंडरांवर, पाठ्यपुस्तकांवर पक्के बसले. शब्दकोश पाहा. ऑक्सफर्डच्या मोनियर-विल्यम्स यांच्या कोशात ‘हंस’समोर पहिला अर्थ ‘गूस’ आहे. आपल्या पुण्याच्या वामन शिवराम आपट्यांच्या कोशात पहिला अर्थ ‘स्वान’, ‘गूस’ मागाहून. साहेबाला गूस म्हणण्याचा संकोच वाटला नाही, आपल्याला वाटला.

पक्षी काय सांगतात? स्वान भारतात वायव्येच्या बाजूला क्वचित, वाट चुकल्यासारखा येणारा पाहुणा. उलट डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा गूस तिबेटातील सरोवरांवर, मानससरोवराच्या परिसरात अंडी घालतो आणि हिवाळ्यात थव्याथव्याने हिमालय ओलांडून खाली येतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर त्याच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ, पैठणच्या नाथसागरावर तो आपल्याला भेटतो. ऋग्वेदातले हंस रांग धरून उडतात, मेघदूतातले पावसाच्या तोंडावर मानसाकडे निघतात. या वर्णनांत कोणता पक्षी बसतो, हे सांगायला पंडित नको, भिगवणचा नावाडी पुरे. याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ आहे, ‘भारतीय वाङ्मयातील व कलेतील गूस’ अशा अर्थाच्या नावाचा. भारताच्या पुरातत्त्व खात्यात अनेक वर्षे काम केलेल्या एका डच पंडिताचा तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६२ साली लायडनहून निघाला. हंस म्हणजे गूसच, असे त्यांनी वाङ्मय आणि शिल्पे यांच्या आधारे मांडले. या पंडितांचे नाव होते यां फिलिप फोगेल. आणि ‘फोगेल’ म्हणजे डच भाषेत पक्षी!

तर मग परमहंस म्हणजे मोठा गूस काय? मला वाटते, त्या मुलीचे दुखणे पक्ष्याविषयी नव्हतेच, शब्दाविषयी होते. आपण हा पक्षी अंगणात कोंडला नाही. आपण त्याला वर्षातून दोनदा, आभाळात उंच, जाताना आणि येताना पाहिला. जो कोठून येतो ते दिसत नाही आणि कोठे जातो ते कळत नाही, त्याला आपण आत्म्याचे नाव दिले. त्यांनी तोच पक्षी खुराड्यात पाहिला आणि त्याला मूर्खाचे नाव दिले. रक्त एक, नशीब वेगळे. दोन सख्ख्या भावांपैकी एक संन्यासी झाला आणि दुसरा शेतावर राबला, एवढेच.

आणि तिकडेही सर्वांनी त्याला खुळा मानले असे नाही. स्वीडनच्या सेल्मा लागरलोफ यांनी १९०६-०७ मध्ये शाळेच्या मुलांसाठी देशाचा भूगोल लिहिला, तो एका मुलाला पाळीव गूसच्या पाठीवर बसवून आणि रानगूसच्या थव्याबरोबर पाठवून. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी करड्या गूसच्या पिलांना स्वतःची आई होऊन वाढविले. पक्ष्यांच्या वागणुकीवरील कार्यासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अंड्यातून बाहेर येताच जो दिसेल त्याला जन्मभराचा आप्त मानणारा हा पक्षी आहे, हे त्यांनी दाखविले.

हे सारे मी त्या मुलीला पुढच्या आठवड्यात सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि वहीत उतरवून घेतले. मग तिने विचारले, “सर, वार्षिक परीक्षेत भाषांतराच्या उताऱ्यात ‘हंस’ आला, तर मी काय लिहू?” मला परीक्षकांच्या तऱ्हा माहीत आहेत. मी स्वतः विद्यार्थी असताना ‘गूस’ लिहून एक गुण गमावलेला आहे. मी म्हणालो, “पेपरात ‘स्वान’ लिही.” तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही. उतारा खरोखरच आला होता. तिने काय लिहिले हे विचारण्याचे धाडस मला आजपर्यंत झालेले नाही.